विस बेट: एड्रियाटिकमधले नऊ निवांत दिवस (आणि सासूबाईंचा चातुर्मास)

चाफेकळी (धागाकर्ती)

ऑगस्टमध्ये इथंच एका धाग्यावर मी लिहिलं होतं की आम्ही क्रोएशियाला चाललोय, पण तिथलं सगळ्यात गाजलेलं शहर डुब्रोवनिक बघणार नाही. तिघांनी मला वेड्यात काढलं होतं. तर परत आले आहे आणि अजूनही शहाणी झालेली नाही.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरे, जीभ शाबूत). मागच्या युरोप ट्रिपला सात शहरं बारा दिवसांत केली होती. परत आल्यावर सासूबाईंना कुणीतरी विचारलं, काय काय पाहिलंत? तर म्हणाल्या, "बसची खिडकी." तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी एकच जागा, आणि तिथं काही 'करायचं' नाही.

विस हे एड्रियाटिक समुद्रातलं क्रोएशियाचं बेट, किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरातून गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटीनं सव्वादोन-अडीच तास. कॅटामरान (फक्त माणसांची वेगवान बोट) घेतली तर साधारण दीड तास. आम्ही मुद्दाम मोठी बोट घेतली, कारण तिच्या उघड्या डेकवर बसता येतं. स्प्लिट सुटलं, मग एकेक बेट मागं पडत गेलं आणि शेवटी नुसतं पाणी उरलं. बोटीत निम्मे लोक बेटावरचेच वाटत होते. एका आजीबाईंच्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती, एकानं नवीन मिक्सरचं खोकं मांडीवर धरलेलं. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना असतं तसंच सगळं.

बेटावर गावं मुख्य दोन, पूर्वेकडे विस आणि पश्चिमेला कोमिझा. मध्ये दहाएक किलोमीटरचा डोंगरी रस्ता. फेरी लागली की धक्क्यावर बस उभी असते, ती कोमिझाला नेते. शेवटच्या वळणावर एकदम खाली कोमिझाचं आखात दिसतं. कौलारू घरांची दाटी, धक्क्यावरचा चौकोनी व्हेनेशियन बुरूज आणि बंदरात होड्या. आम्ही तिथंच राहिलो. 'सोबे' (खोल्या) किंवा 'अपार्तमानी' अशा पाट्या घराघरांवर असतात. गुहागर-हरिहरेश्वरच्या 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'चीच ही मावसबहीण, फक्त जेवण आपलं आपण करायचं. आमच्या मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, सासूबाईंनाही नाही. दोघींचं पहिल्या दिवसापासून छान जमलं.

इथला एक शब्द आम्ही पहिल्या दिवशीच शिकलो: 'पोमालो'. म्हणजे हळू घ्या, होईल सावकाश. बस किती वाजता? पोमालो. बिल? पोमालो. नवऱ्यानं वायफाय चालत नाही म्हणून तक्रार केली, तेव्हा मालकीणबाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटून पोमालो म्हटलं आणि अंजिरांची ताटली पुढं केली. वायफाय दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झालं.

आता तो प्रसंग सांगते ज्यावरून घरात अजून हसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत गेलो. काउंटरवर मोठ्या ट्रेमध्ये जाडसर भरलेली पोळी, वरून खरपूस, ऑलिव्ह तेलानं चकाकणारी. बाईंनी सुरीनं चौकोनी तुकडा कापला, कागदात गुंडाळून हातात दिला. कांदा आणि टोमॅटोचा असा वास की आम्ही फूटपाथवरच सुरू झालो. सासूबाईंनी दोन घास खाल्ले, मान डोलावली, तिसऱ्या घासाला थांबल्या. दातांतून केसाएवढा बारीक, पांढरा काटा काढून तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ती होती कोमिश्का पोगाचा, आतमध्ये खारवलेले मासे. मी तर रडकुंडीला आले. त्या शांतपणे म्हणाल्या, "कांदा खाल्ला तेव्हाच चातुर्मास मोडला होता. आता काय मोठंसं." आणि उरलेला तुकडा नवऱ्याला दिला. तर शाकाहारी मंडळींनो, पोगाचा विचारल्याशिवाय खाऊ नका.

दिनक्रम सांगण्यासारखा नाहीच. सकाळी गावाच्या कडेला पोहायचं, दुपारी दारं लावून झोपायचं (सगळं गावच झोपतं), संध्याकाळी धक्क्यावरच्या बाकावर बसायचं. तिथं रोज तेच चार म्हातारे. पाचव्या दिवशी त्यांनी सासूबाईंसाठी सरकून जागा केली.

दोन गोष्टी मात्र पाहिल्या. एक बिशेवो बेटावरची निळी गुहा, आणि हूम हा ५८७ मीटरचा डोंगर, बेटावरचा सर्वांत उंच. वर छोटंसं चॅपल आहे आणि खाली कोमिझा पसरलेलं दिसतं. तिथवर सासूबाई टॅक्सीनं आल्या, खाली बघून म्हणाल्या, "आपलं वाळत घातलेलं दिसतंय का बघ."

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन. पोमालो.

मुखदुर्बळ

मस्त लिहिलंय! फोटो कुठायत? फोटोंशिवाय धागा म्हणजे मोदकाशिवाय चतुर्थी.

शून्यवादी

छान. पण एवढा व्हिसा, विमान, बोट करून शेवटी समुद्रकिनारी झोपायचंच असेल तर आमचं वेळणेश्वर काय वाईट? समुद्र तोच, मासे जास्त चांगले, आणि भाषा कळते.

चाफेकळी

@मुखदुर्बळ, नवऱ्याच्या फोनमध्ये आहेत. तो म्हणतो पोमालो.

@शून्यवादी, वेळणेश्वरला दर वर्षी जातो हो. पण तिथं गेलं की नातेवाईक भेटतात.

दर्यावर्दी

शून्यवादी, 'समुद्र तोच' हे मात्र मान्य नाही. मी मालवणचा, बोटीवर नोकरी, भूमध्यात बरीच वर्षं काढली आहेत. म्हणून जरा सविस्तर.

पहिला फरक भरती-ओहोटीचा. आपल्याकडे कोकणात उधाणाला पाणी दोन-तीन मीटरनं तरी वरखाली होतं. विसच्या आसपास हा फरक जेमतेम वीतभर-दीड वीत. म्हणून तिथं घराची पायरी थेट समुद्रात उतरते आणि होडी दाराशी बांधलेली असते. आपल्याकडे असं घर बांधलं तर अमावास्येला अंथरूण तरंगेल. कोकणातलं सगळं वेळापत्रक भरतीवर चालतं, जाळं कधी टाकायचं, होडी कधी लोटायची. तिकडं समुद्राला घड्याळच नाही. माझ्या मते तिथल्या आळसाचं अर्धं कारण हे आहे.

दुसरं, पाणी इतकं नितळ का? लोक म्हणतात स्वच्छ म्हणून. तेवढंच नाही. त्या पाण्यात पोषकद्रव्यं कमी, त्यामुळे सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून आरपार दिसतं. शिवाय बेट चुनखडकाचं, गाळ आणणाऱ्या नद्या नाहीत. अरबी समुद्र गढूळ दिसतो कारण तो सकस आहे, पावसाळ्यात नद्या गाळ घेऊन येतात, आणि म्हणूनच आपल्याकडे बांगडा-तारली असे थवेच्या थवे मिळतात. तेव्हा मासे आपले जास्त हे खरं, पण तो 'तोच समुद्र' नव्हे.

कोमिझाच्या होड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गायेता फाल्कुशा नावाची त्यांची जुनी होडी. अंगानं अरुंद, कारण लांब वल्हवायची. पण शिडावर जायचं तर लाटा आत येतात, म्हणून दोन्ही बाजूंना काढता-घालता येतील अशा फळ्या. त्यांना 'फाल्के' म्हणतात, त्यावरून नाव. वारा असला की फळ्या चढवा, वारा पडला की काढा आणि वल्ही मारा. आपण होडी उलटू नये म्हणून उलांडी (बाजूला बांधलेला लाकडी आधार) लावली, त्यांनी हे केलं. या होड्या घेऊन ते पालाग्रुझा नावाच्या खडकाळ बेटापर्यंत जायचे, ४२ सागरी मैल. आधी पोचेल त्याला होडी ओढायला चांगली जागा, म्हणून रीतसर शर्यतच लागायची. १९९८ मध्ये लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी जुन्या पद्धतीनं नवी फाल्कुशा बांधून नेली होती.

चाफेकळी

दर्यावर्दी, _/\_ ही होडी बुरुजातल्या मासेमारी संग्रहालयात पाहिली, पण फळ्यांचं कारण आत्ता कळलं. वेगळा धागा काढा.

खादाडखाऊ

आम्ही पक्के शाकाहारी (अंडं चालतं). नऊ दिवस काय खायचं? मेतकूट नेलं होतं का?

चाफेकळी

मेतकूट, छोटा कुकर, गोडा मसाला, सगळं. खोलीत स्वयंपाकघर असणं हा आमचा एकमेव हट्ट होता. पण बाहेरही उपाशी राहावं लागलं नाही. 'ब्लित्वा' म्हणजे पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण आणि भरपूर ऑलिव्ह तेल. साधारण आपली पातळ न केलेली भाजी. तिथं ती माशाबरोबर देतात, आम्ही नुसतीच मागवायचो. वेटर दोन दिवस विचारायचा, मासा विसरलात का? तिसऱ्या दिवसापासून त्यानं विचारणं सोडलं. टोमॅटो, वांगी, द्राक्षं, अंजिरं बाजारात अप्रतिम. मेंढीच्या दुधाचं चीज मिळतं, खारट आणि कडक. सासूबाईंनी ते ज्वारीच्या पिठाच्या थालीपिठावर किसून घातलं. थालीपीठ चांगलं लागलं, पण मालकीणबाईंनी ते पिझ्झा समजून कौतुक केलं.

नळाचं पाणी प्यायचं. बेटाला स्वतःचे गोड्या पाण्याचे झरे-विहिरी आहेत, जमिनीखालच्या चुनखडकात साठलेलं पाणी. भोवतालच्या बऱ्याच बेटांना हे सुख नाही.

म्युनिकवाली

मी विसला चारदा गेले आहे. जरा दुसरी बाजू मांडते, नाहीतर लोक ऑगस्टमध्ये जातील आणि चाफेकळीला शिव्या देतील.

जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्ट: नको. विसचं बंदर खासगी शिडाच्या बोटींनी भरतं, रात्री संगीत, जेवायला जागा नाही. बेट तेच, पण तुम्ही ज्यासाठी जाताय ते त्या सहा आठवड्यांत तिथं नसतं. जूनचे पहिले तीन आठवडे किंवा सप्टेंबर उत्तम. सप्टेंबरमध्ये समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, म्हणून थंडगार वाटत नाही.

स्प्लिटहून निघणाऱ्या 'एका दिवसात पाच बेटं' वेगबोटीच्या सहलीही नकोत. पहिल्या वर्षी मी तीच घेतली (कंपनीचं नाव घेत नाही). पाठीचा कणा लाटांवर आपटून घेतला, निळ्या गुहेच्या रांगेत अडीच तास उन्हात बसले आणि आत मोजून पाच मिनिटं. त्यापेक्षा कोमिझाला मुक्काम ठेवा, तिथून बिशेवो चार-पाच सागरी मैलांवर आहे. सकाळी लवकर पोचा.

विसच्या प्रसिद्ध स्टिनिवा किनाऱ्याबद्दल: डोंगराच्या दोन भिंतींमधून चिंचोळी फट, आत गोट्यांचा छोटा किनारा. फोटो पाहून सगळे तिथंच पळतात. वरून उतरणारी पाऊलवाट चांगलीच खडी आहे, चपला घालून जाऊ नका. मला स्वतःला पूर्वेकडचं झाग्लाव जास्त आवडतं, तिथं चक्क वाळू आहे, आणि चालत जावं लागतं म्हणून माणसं कमी.

मुखदुर्बळ

वाळू 'चक्क' म्हणजे? बाकी ठिकाणी नाही?

म्युनिकवाली

नाही हो. बहुतेक ठिकाणी गुळगुळीत गोटे किंवा सरळ खडक. रबरी बूट घेऊन जा. खडकांवर काळे काटेरी गोळे (समुद्री साळू म्हणा हवं तर) चिकटलेले असतात, पाय पडला की काटे आत मोडतात.

चाफेकळी

+१. नवऱ्याच्या टाचेत दोन होते. मालकीणबाईंनी ऑलिव्ह तेल चोळून, सुई तापवून काढले. तो ओरडला तेव्हा दोघी बायका एकाच वेळी एकाच सुरात काहीतरी म्हणाल्या, एक क्रोएशियनमध्ये आणि एक मराठीत. अर्थ तोच असणार.

इतिहासवेडा

बेट इतकं कोरं राहिलं त्यामागं कुणाची दूरदृष्टी वगैरे नाही, लष्कर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्ह सैन्यानं (क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियात होता) विसवर तळ केला आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथं पाऊल ठेवायला बंदी होती. बाकीच्या किनाऱ्यावर साठ-सत्तरच्या दशकात मोठमोठी हॉटेलं उठली तेव्हा इथं डोंगर पोखरून बोगदे खणत होते. उत्तर किनाऱ्यावर रोगाचिच खाडीत पाणबुडी लपवायचा बोगदा अजून आहे, आत बोटीनं जाता येतं.

लष्कराला बेट हवं होतं कारण ते एड्रियाटिकच्या मध्यात आहे. हे नवीन नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूजच्या ग्रीकांनी इथं 'इस्सा' वसवलं. १८६६ मध्ये २० जुलैला ऑस्ट्रियाच्या आरमारानं इटलीच्या मोठ्या आरमाराला इथंच हरवलं, लोखंडी चिलखती युद्धनौकांचे ताफे एकमेकांना भिडल्याची ती पहिली मोठी लढाई. १९४४ मध्ये युगोस्लाव्ह नेता टिटो हूम डोंगराच्या गुहेत मुक्कामाला होता, आणि बेटाच्या मध्यावरच्या सपाटीवर द्राक्षवेली काढून दोस्त राष्ट्रांनी धावपट्टी केली. इटली-जर्मनीवर बॉम्ब टाकून परतताना जखमी झालेली विमानं तिथं उतरायची. अमेरिकेत १९७२ ला निक्सनविरुद्ध अध्यक्षपदाला उभे राहिलेले जॉर्ज मॅकगव्हर्न तेव्हा वैमानिक होते, त्यांनी आपलं बी-२४ बॉम्बर विमान याच पट्टीवर उतरवलं होतं.

आता खास आपल्या लोकांसाठी: विसवर क्रिकेट खेळतात! नेपोलियनच्या काळात बेट ब्रिटिशांकडं होतं. कॅप्टन विल्यम होस्ट यानं मार्च १८११ मध्ये इथल्या समुद्रात फ्रेंचांना हरवलं आणि फावल्या वेळात क्रिकेट क्लब काढला. तो अर्थातच बंद पडला. पण या शतकात बेटावरच्या लोकांनी त्याच्या नावानं पुन्हा क्लब सुरू केला, आणि द्राक्षमळ्यांच्या मधोमध मैदान आहे.

शून्यवादी

क्रिकेटचं आधी सांगायचं ना. आता बोला, व्हिसा कसा काढायचा?

चाफेकळी

हाहा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आहे, युरोही त्याच दिवसापासून. म्हणजे शेंगेन व्हिसा, आणि जास्त दिवस क्रोएशियात असाल तर अर्ज त्यांच्याकडेच. भारतातून थेट विमान नाही, आम्ही इस्तंबूलमार्गे गेलो. स्प्लिटचा विमानतळ गावापासून पंचवीसेक किलोमीटर, बस बंदराजवळच सोडते. पोचल्या दिवशीच फेरी पकडायचा अट्टहास नको. एक रात्र स्प्लिटला काढा, रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यातच जुनं गाव वसलंय. वाड्यात लोक संसार करतात, दोऱ्यांवर चादरी वाळत असतात.

गाडी नेऊ नका. फेरीत माणसाचं तिकीट परवडतं, गाडीचं नाही. स्कूटर भाड्यानं मिळते, पण आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि रस्त्याची बाजू उजवी. नवरा पहिल्याच वळणावर डावीकडं गेला होता. समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला काय म्हणाला असेल? बरोबर.

पणजीचो_पाव

पोमालो वाचून हसू आलं. आमच्या गोव्यात सुशेगाद म्हणतात, पोर्तुगीज शब्दावरून आलेला. पण पर्यटक तो टीशर्टवर छापून नेतात आणि आमच्या आजीला दुपारी झोपू देत नाहीत. विसचे लोक वैतागत नाहीत का? खरं सांगा.

म्युनिकवाली

वैतागतात. ज्यांच्याकडे मी राहते त्या बाई म्हणतात, उन्हाळ्यात पैसे मिळतात म्हणून हसायचं, आणि नोव्हेंबरमध्ये एकमेकांशी बोलायचं. बेटावर शंभर वर्षांपूर्वी दहा हजारांच्या आसपास माणसं होती, आता साडेतीन हजारही नाहीत. द्राक्षवेलींवर कीड आली, मासे डब्यात भरणारे कारखाने बंद पडले. कोमिझाचे कितीतरी कोळी कॅलिफोर्नियात सॅन पेद्रोला गेले, तिथंही मासेच मारले. आपल्याला जी शांतता वाटते तिच्यात थोडी रिकामी घरंही आहेत. माझ्या गल्लीत पाचपैकी तीन दारं हिवाळ्यात उघडत नाहीत.

पणजीचो_पाव

हम्म. आमच्या वाड्याचंही तेच.

दर्यावर्दी

म्युनिकवाली, बरोबर लिहिलंत. कधी जमलं तर ६ डिसेंबरला जा. सेंट निकोलस हा खलाशांचा संत, त्या दिवशी कोमिझात टेकडीवरच्या चर्चपुढं एक जुनी लाकडी होडी जाळतात. समुद्रात कुजू द्यायची नाही, भंगारात द्यायची नाही, मानानं निरोप. मी एकदा योगायोगानं होतो. पर्यटक जवळजवळ नव्हतेच. होडी पेटल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं टोपी काढली एवढंच.

आणि वाऱ्याकडं लक्ष ठेवा. 'यूगो' म्हणजे आग्नेयेचा दमट वारा, दोन-तीन दिवस घोंघावतो, लाटा मोठ्या. 'बुरा' ईशान्येचा, कोरडा, गार, झटक्यांचा. दोन्हीत कॅटामरान आधी रद्द होते, मोठी फेरी त्यानंतर. परतीचं विमान आणि परतीची बोट एकाच दिवशी ठेवू नका.

चाफेकळी

हे सोन्यासारखं. आम्हाला सातव्या दिवशी यूगो लागला. खिडक्यांच्या झडपा रात्रभर वाजत होत्या, मला वाटलं घर उडतंय. सकाळी धक्क्यावरचे चार म्हातारे जागेवर, फक्त टोप्या हनुवटीखाली बांधलेल्या.

मुखदुर्बळ

सासूबाई आणि मालकीणबाई नेमक्या बोलायच्या काय?

चाफेकळी

हे मलाही कोडंच होतं. मग एकदा ऐकलं. मालकीणबाई अंजिरं मोजत होत्या, "द्वा, त्री, चेतिरी…" सासूबाई दचकल्या. शाळेत संस्कृत होतं त्यांना. मग खेळच सुरू झाला. मधाची बरणी दाखवली, त्या म्हणाल्या 'मेद', या म्हणाल्या 'मध'. भावाचा फोटो, 'ब्रात', 'भ्राता'. चूल पेटवली की 'ओगान्य', 'अग्नी'. रोज संध्याकाळी दोन-चार शब्द जुळायचे आणि दोघी लॉटरी लागल्यासारख्या टाळी द्यायच्या. नवरा म्हणाला भाषाकुळाचा संबंध आहे, इंडो-युरोपियन वगैरे. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

निघताना मालकीणबाईंनी 'हिब' दिला. सुकी अंजिरं कुटून, बडीशेपेसारखी वनस्पती आणि थोडी घरची दारू घालून थापलेली जाड वडी, तमालपत्रात गुंडाळलेली. दारूचं सासूबाईंना विमानात सांगितलं, अर्धी वडी संपल्यावर.

खादाडखाऊ

मग? काय म्हणाल्या?

चाफेकळी

म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जूनमध्ये काढा तिकिटं. चातुर्मास लागायच्या आत."